छत्रीवाले आणि दीड किलोमीटरचं चित्र

छत्रीवाले या वयात वाया गेले, ही बातमी आमच्या इमारतीत सकाळी तळमजल्याला आली आणि दुपारच्या चहापर्यंत गच्चीला पोचली. तिसऱ्या मजल्यावरचा हा सत्तावन्न वर्षांचा, नाकावरून घसरणारा चष्मा सावरत चालणारा भला माणूस म्हणे उजाडताच गच्चीवर जातो, कॅमेऱ्याचा ड्रोन उडवतो आणि तळ्यात पोहणाऱ्या बायकांवर नेऊन उभा करतो. बातमी पसरवण्यात माझा हात होता, हे मी नाकारत नाही. माझा हात लागल्याशिवाय आमच्याकडे बातमी जिना चढतच नाही.

पण मग दुरुस्तीही मीच करायला हवी. बायकांवर नव्हे, एकाच बाईवर. आणि ती त्यांची स्वतःची बायको. शिवाय ड्रोन तिच्यापर्यंत धड पोचायचाही नाही. चारशे मीटरवर गेला की चित्र थिजायचं, त्याचे चौकोन चौकोन व्हायचे, आणि छत्रीवाल्यांना पडद्यावर जे दिसायचं ते बाईपेक्षा न्हाणीघरातल्या फरशीसारखं जास्त असायचं. माणसाला वाया जायलासुद्धा रेंज लागते.

छत्रीवाले हे नाव त्यांना धंद्याने दिलं. पूर्वी छपराछपरावर अॅल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना होते तेव्हा ते अँटेनावाले होते. पुढे त्या जागी गोल डिश आल्या, लोक डिशला छत्री म्हणू लागले, आणि हे छत्रीवाले झाले. तीस वर्षं या माणसाने शहरभरची छपरं तुडवली. मग गुडघ्याने राजीनामा दिला. आता ते कोपऱ्यावरच्या टपरीएवढ्या दुकानात बसून सेट टॉप बॉक्स आणि रिमोट दुरुस्त करतात. पण खोड जात नाही. कुणाच्या घरी भेटायला गेले की आधी छपराकडे बघतात, मग माणसांकडे. रस्त्याने चालताना मान वर, त्यामुळे पायाखाली येऊ नये ते सगळं आजवर त्यांच्या पायाखाली आलेलं आहे. खिशात पेनाशेजारी स्क्रू ड्रायव्हर असतो, आणि बँकेत सही करताना त्यांनी एकदा तोच बाहेर काढला होता.

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर असतात. एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांची पाठ धरली आणि डॉक्टर म्हणाले, पोहा. त्या पोहल्या. पाठ सुटली, पण पोहणं सुटलं नाही. जलतरणाच्या टाकीत वर्षभर, मग इमारतीसमोरच्या तळ्यात काठाकाठाने, मग आत आत, खोल पाण्यात. आणि या वर्षी, चौपन्नाव्या वर्षी, त्यांनी पोहणाऱ्यांच्या क्लबात नाव दिलं: या काठापासून त्या काठापर्यंत, दीड किलोमीटर.

आता खरी गोष्ट सुरू होते, आणि ती वहिनींच्या आईची आहे. मी त्यांना मावशी म्हणतो. वय चौऱ्याऐंशी, जीभ चोवीस. लेक-जावयाकडेच राहतात. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेल्या नाहीत, कारण आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. या मावशींनीच वहिनींचं पोहणं तेराव्या वर्षी बंद केलं होतं. पोरगी मोठी झाली, लोक काय म्हणतील, बस्स झालं. वहिनींनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मावशींनीही कधी विषय काढला नाही. पण लेकीने तळं पोहायचं ठरवलंय हे कळलं त्या दिवशी मावशी जेवताना एकदम म्हणाल्या, "मला बघायचंय."

"खुर्चीत बसवून खाली नेतो आई," छत्रीवाले म्हणाले. "मी, हे शेजारी, आणखी दोघं बोलावू."

"चौघांनी उचलायची एवढी घाई करू नका जावईबापू. ती वेळ येईल तेव्हा येईल."

"मग शूटिंग करून आणून दाखवतो."

"झालेलं काय बघायचं? मला होताना बघायचंय. एकदा होत होतं तेव्हा मी धड बघितलं नाही."

वहिनी उठून पाणी आणायला गेल्या आणि बराच वेळ पाणीच आणत राहिल्या.

मावशींच्या खोलीची खिडकी मागच्या भिंतीकडे उघडते; तळं दिसायचा प्रश्नच नाही. पलीकडचा काठ टेकडीच्या आडोशाला, तिथे मोबाईलची रेंज नाही, म्हणजे फोनवरून दाखवणंही बाद. तेव्हा छत्रीवाल्यांनी ड्रोनची वाट धरली. मुख्य बाजारातल्या फोटोवाल्याकडे एक जुना पडून होता. लग्नाच्या हॉलवरून जरा पलीकडे गेला की चित्र तोडतो, म्हणून फोटोवाला त्याला वैतागला होता. "घेऊन जा," तो म्हणाला, "पण मला दोष देऊ नका. हा ड्रोन नाही, हे रुसणारं बाळ आहे."

उडवायला फोटोवाल्यानेच शिकवलं. क्लबाने लेखी परवानगी दिली, अट एवढीच की पोहणाऱ्यांच्या डोक्यावरून न्यायचा नाही, बाजूने न्यायचा. छत्रीवाल्यांनी ड्रोनच्या रिमोटपासून एक काळी वायर गच्चीच्या कठड्यावरून खाली सोडली, खिडकीतून आत घेतली आणि मावशींच्या टीव्हीला जोडली. गच्चीवरच्या रिमोटला जे दिसेल ते मावशींना दिसणार. फक्त रिमोटला दिसायला हवं. आणि तिथेच चारशे मीटरची फरशी यायची.

त्या दिवसांत सकाळी सहा ते सात आमच्या इमारतीत झोपणं अशक्य झालं होतं. वरून छत्रीवाले विचारायचे, "आलं?" खालून मावशी ओरडायच्या, "गेलं!" मधल्या, चौथ्या मजल्यावर मी पांघरूण डोक्यावर घेऊन पडलेला.

जावयाला टोचायची एकही संधी मावशी सोडत नाहीत. लग्नानंतर पहिल्याच वर्षी छत्रीवाल्यांनी सासरच्या छपरावर अँटेना बसवला होता आणि रहस्यमालिकेच्या शेवटच्या भागात ऐन वेळी चित्र गेलं होतं. "खून कोणी केला ते मला अजून कळलेलं नाही," मावशी मला म्हणाल्या, "पण संशय माझा यांच्यावरच आहे."

फोटोवाल्याने उपाय सुचवला. "बूस्टर लावा. ताकद वाढवा. दहापट जोराने ओरडेल रिमोट."

छत्रीवाल्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "ओरडायचं कशाला? त्याला परवानगी नाही ती नाहीच, वर सगळ्या आळीचं वायफाय झोपेल. आणि चित्र तिकडून इकडे यायचंय. आपण ओरडून त्याचं बोलणं आपल्याला जास्त ऐकू येणार आहे का? कान मोठा करायला हवा, तोंड नव्हे."

"हे वाक्य मी घरात लावून ठेवतो," फोटोवाला म्हणाला. तो विवाहित आहे.

कान मोठा करण्याआधी मात्र एक प्रकार झाला, आणि तो मी जन्मभर सांगणार आहे. रिमोटला वरच्या बाजूला बोटाएवढ्या दोन काड्या असतात; तोच त्याचा अँटेना. छत्रीवाले ड्रोन उडवताना त्या काड्यांची टोकं बरोबर ड्रोनवर रोखायचे. एक डोळा बारीक करून, नेम धरून, पक्षी टिपावा तसे. ड्रोन डावीकडे गेला की टोकं डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. काय ती एकाग्रता! सहा आठवडे हे चाललं होतं. मग एके सकाळी खालून हाक आली.

"जावईबापू! आत्ता काय केलंत?"

"काही नाही आई. नाक पुसलं."

"मग पुसत राहा. नाक पुसताना चित्र कसं काचेसारखं येतं. परत नेम धरलात की गेलं."

मग छत्रीवाल्यांनी रिमोट छातीशी धरला आणि काड्या आकाशाकडे सरळ उभ्या केल्या. "आता?"

"आलं."

टोकं ड्रोनकडे केली. "आता?"

"गेलं. मला कशाला विचारता, माझं ऐकायचंय का तुम्हाला?"

छत्रीवाले पाण्याच्या टाकीला टेकून मटकन खाली बसले. त्या काड्यांच्या टोकातून काहीच निघत नाही; त्यांचं सगळं देणंघेणं अंगाच्या बाजूंनी चालतं. टोक रोखणं म्हणजे ड्रोनला सर्वात बहिरी बाजू दाखवणं. डिशला तोंड असतं, जुन्या अँटेनालाही टोक असतं आणि ते नेमकं टीव्हीच्या स्टेशनकडे करावं लागतं, हे तीस वर्षांत त्यांच्या हाडात मुरलं होतं. माझ्यासारख्या अडाण्याने काड्या पहिल्या दिवसापासून मुकाट उभ्या ठेवल्या असत्या. ही चूक करायला अँटेनाचा एवढा मोठा जाणकारच लागतो.

मी हे दोन दिवसांत सगळ्या आळीला सांगितलं. छत्रीवाले रागावले नाहीत. "सांगा, सांगा," म्हणाले, "फक्त आईंनी शोधलं हेही सांगा." असा माणूस. चिडवायची मजाच घालवतो.

काड्या उभ्या केल्यावर चित्र नऊशे मीटरपर्यंत पोचलं. तळं दीड किलोमीटर. म्हणजे वहिनी मध्यापलीकडे गेल्या की दिसेनाशा होणार, आणि मावशींना तर पलीकडचा काठच बघायचा होता. उरलेल्या सहाशे मीटरसाठी छत्रीवाले आपल्या मूळ धर्मावर आले. दुकानाच्या माळ्यावरून त्यांनी एक जुनी, पोचे पडलेली छत्री काढली. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापला. त्याच्यापुढे तांब्याच्या तारेचे एकमेकांना चिकटलेले दोन चौकोन वाकवून बसवले. प्रत्येक बाजू एकतीस मिलिमीटर, ना कमी ना जास्त. हे चौकोन छत्रीच्या तोंडाशी, मधोमध. रिमोटचं पोट उघडून एका काडीची तार सोडवली आणि त्या जागी छत्रीची वायर जोडली. दुसरी काडी जवळच्या कामासाठी तशीच ठेवली.

वायर पहिल्यांदा त्यांनी वीस मीटर घेतली, घरात होती म्हणून. चित्र पूर्ण गेलं. एवढ्या लांब वायरने आलेलं सगळं स्वतःच गिळून टाकलं होतं. कापत कापत ती हातभर राहिली तेव्हा कुठे चित्र आलं. त्याचा परिणाम असा की छत्री धरणारा आणि रिमोट धरणारा यांच्यात एका हाताचंच अंतर राहू शकत होतं. आणि छत्रीची नजर अरुंद. ड्रोन सरकेल तशी ती वळवत राहावी लागायची, त्यात दोन्ही हात गुंतणार. म्हणून उडवायचं काम फोटोवाल्याकडे आलं. त्याला छत्रीवाल्यांच्या पायाशी स्टुलावर बसवलं, आणि उन्हात पडदा दिसावा म्हणून त्याच्या डोक्यावर काळं कापड टाकलं. रिमोटसकट तो त्या कापडात. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, या माणसाने कुणाला तरी पकडून ठेवलंय.

पोहण्याचा दिवस आला. वहिनी पिवळी टोपी घेऊन निघाल्या. दारात मावशींनी हाक मारली.

"ऐक गं."

"काय आई?"

"थकलीस तर नावेत चढ. नावा असतात ना? तुझ्या नवऱ्याच्या यंत्रासाठी जीव काढू नकोस."

"बरं."

"आणि चढू नकोस."

वहिनी हसत जिना उतरल्या. मला मावशींच्या खोलीत बसवलं होतं. काम एवढंच की टीव्हीवर बघायचं आणि खिडकीतून डोकं काढून वर ओरडायचं. इतक्या वर्षांत माझ्या आवाजाचा कोणी सदुपयोग केला तो हा पहिलाच.

सुरुवात झकास झाली. टीव्हीवर निळंहिरवं तळं, त्यात टोप्यांचा ठिपक्या-ठिपक्यांचा घोळका, त्यात एक पिवळी. मावशी खुर्ची ओढून टीव्हीपासून दोन हातांवर बसल्या. पंधरा मिनिटांनी ड्रोन परत आला, कारण बॅटरी वीस मिनिटांचीच आणि वहिनींना पन्नास लागणार होती. दुसरी बॅटरी शेवटासाठी राखून ठेवली होती. मधली वीस मिनिटं मावशींनी काळ्या पडद्याकडे बघत काढली. मी दोन विनोद सांगितले. त्या हसल्या नाहीत.

"ती लहानपणी डाव्या बाजूला श्वास घ्यायची," एवढंच म्हणाल्या.

ड्रोन पुन्हा उडाला. सातशे मीटर, नऊशे, हजार. चित्र काचेसारखं. पिवळी टोपी सापडली, आता एकटीच, घोळक्याच्या बरीच मागे. बाजूला सुरक्षेची नाव. एक हात वर, दुसरा हात वर, सावकाश, कणीक मळावी तसा. बाराशे मीटर. आणि चित्र थिजलं.

"गेलं!" मी खिडकीतून ओरडलो.

वरून छत्रीवाल्यांचा आवाज, "किती गेलं?"

"सगळं!"

मावशींनी माझं मनगट धरलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईच्या मुठीत एवढा जोर असतो हे मला माहीत नव्हतं. पडद्यावर पिवळी टोपी होती, पण एका जागी, एक हात वर तसाच. आणि हेही आम्हाला ठाऊक होतं की जोडणी फार वेळ तुटली की ड्रोन आपणहून घराकडे वळतो. तिसरी बॅटरी नव्हती.

"बुडली का रे ती?" मावशी हळूच म्हणाल्या.

"नाही मावशी, चित्र बुडलंय. ती पोहतेय."

"तुला काय माहीत?"

मला काहीच माहीत नव्हतं.

वर काय झालं ते मला नंतर कळलं. मीच आठवडाभर केलेल्या प्रचाराने गच्चीवर पंचवीस-तीस माणसं जमली होती. प्रत्येकाच्या हातात फोन, प्रत्येक फोनचं वायफाय चालू, दोघातिघांनी तर बरोबर आणलेल्या नातेवाइकांसाठी हॉटस्पॉटही लावलेले. ड्रोनचं चित्र येतं त्याच हवेत ही सगळी बाजारपेठ भरलेली. आणि सगळे दाटीवाटीने उभे कुठे, तर छत्रीच्या तोंडासमोर कठड्याला टेकून. छत्रीवाले आयुष्यात कुणावर ओरडलेले नाहीत, बायकोवर नाही, गिऱ्हाइकावर नाही. त्या दिवशी ओरडले.

"फोन बंद! सगळे! विमानात करता तसे! आणि खाली बसा!"

तीस माणसं फतकल मारून बसली. एक काकू "फोटो काढून झाला की..." असं म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या यजमानांनी फोन काढून घेतला, लग्नानंतर त्यांनी दाखवलेलं हे पहिलं धाडस. मग छत्रीवाल्यांनी आकाशावरची नजर न काढता खाली खिडकीकडे हाक दिली, "शेजारी! तुमचाही!"

माझ्या खिशात माझा फोन चार नातेवाइकांना हॉटस्पॉट पुरवत होता. मावशींनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही. बंद केला.

पडद्यावर चौकोन हलले. हात खाली आला. दुसरा वर आला.

"आलं!" मी आणि मावशी एकदम.

चौदाशे मीटर. काठावरची माणसं दिसू लागली, मुंग्यांएवढी. वहिनी थांबल्या, पाठीवर वळल्या, आकाशाकडे तोंड करून तरंगल्या. नाव जवळ आली. नावेतल्या माणसाने हात पुढे केला. मावशी खुर्चीतून पुढे झुकल्या. मला वाटलं, आता त्या चढ म्हणतील. त्यांनी माझं मनगट आणखी आवळलं. वहिनींनी नावेकडे बघून मान हलवली, पुन्हा पालथ्या झाल्या, आणि हात सुरू. डावीकडे श्वास.

"बघ," मावशी म्हणाल्या. "अजून डावीकडेच."

उरले पन्नास मीटर. वीस. मग त्या पोहायच्या थांबल्या आणि उभ्या राहिल्या; पाणी कमरेपर्यंत. लटपटत दोन पावलं चालल्या, काठावर बसल्या आणि टोपी काढून हवेत हलवली. ड्रोन कुठे आहे ते त्यांना ठाऊक नसावं, कारण त्या भलत्याच दिशेला हलवत होत्या. मावशींनी टीव्हीला हात हलवून उत्तर दिलं.

हात खाली घेत त्या म्हणाल्या, "खांदे माझे आहेत तिचे." आणि मग, डोळे पुसून झाल्यावर, "वर सांग जावईबापूंना, चित्र चांगलं होतं. मध्ये गेलं होतं, पण चांगलं होतं."

मी निरोप घेऊन गच्चीवर गेलो. फोटोवाला ड्रोन परत आणत होता, कापडातून घामाने भिजलेला. माणसं अजून बसलेलीच, कारण उठा असं कोणी सांगितलं नव्हतं. छत्रीवाले अजून छत्री धरून तळ्याकडे तोंड करून उभे होते. त्या पंधरा मिनिटांत त्यांची नजर एका क्षणासाठीही त्या रिकाम्या आकाशावरून हलली नव्हती. पडदा त्यांच्या पायाशी, काळ्या कापडाखाली होता. त्यांनी मान खाली घातलीच नव्हती.

मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, "काय छत्रीवाले! सगळ्या इमारतीला बायको दाखवलीत, चार महिने यासाठी खपलात, आणि तुम्ही स्वतः तिचा एक हातसुद्धा पाहिला नाहीत!"

त्यांनी छत्री खाली ठेवली, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "ती पोचणार हे मला माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना दाखवलं."